आजारच नसलेल्या माणसांना नवं अँटिबायोटिक देऊन कळतं तरी काय?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: एका नव्या अँटिबायोटिकची पहिली सुरक्षा चाचणी पातळ द्रावण पाजून झाली आहे, आता तेच औषध कॅप्सूल आणि गोळीतून निरोगी स्वयंसेवकांना देणार आहेत. संसर्गच नाही तर मोजणार काय, आणि वीस-पंचवीस माणसं पुरतात कशी?

मोजतात ते रक्तातलं औषध. जंतू मरतात का, हे ही चाचणी विचारतच नाही. तेवढेच मिलिग्रॅम गोळीतून दिले तर रक्तात तेवढेच आणि त्याच वेगाने पोचतात का, एवढाच तिचा सवाल. आजारी माणसात ताप, उलट्या, जुलाब आणि सोबतची औषधं यांमुळे शोषण दिवसागणिक बदलतं. मग दिसलेला फरक गोळीचा की आजाराचा, हे सांगता येत नाही. म्हणून इथे निरोगी माणूस लागतो.

औषध तेच असताना फरक का पडावा, असं वाटणं साहजिक आहे. पण १९६०च्या दशकाच्या अखेरीस क्लोरॅम्फेनिकॉलच्या निरनिराळ्या कॅप्सूल निरोगी माणसांना देऊन पाहिल्या, तेव्हा मिलिग्रॅम सारखे असूनही काहींमधून रक्तात बरंच कमी औषध पोचत होतं. सेफ्युरॉक्झिम ॲक्झेटिल या अँटिबायोटिकचं उदाहरण अजून बोलकं आहे. त्याच्या सस्पेन्शनमधून, म्हणजे हलवून प्यायच्या पातळ औषधातून, मिळणारं एकूण औषध गोळीच्या सरासरी ९१ टक्के भरलं, पण रक्तातली सर्वोच्च पातळी जेमतेम ७१ टक्के. म्हणून गोळी आणि सस्पेन्शन मिलिग्रॅमला मिलिग्रॅम असे एकमेकांऐवजी देऊ नयेत, असं त्या औषधाच्या माहितीपत्रकातच लिहिलेलं असतं.

अँटिबायोटिकांची स्वतःची एक अडचण असते: डोस मोठा. रक्तदाबाची एखादी गोळी पाच मिलिग्रॅमची असते, इथे बऱ्याचदा ५०० ते १००० मिलिग्रॅम एका वेळी द्यायचे असतात. गोळीचा बहुतेक भाग औषधच व्यापतं. ती बांधणाऱ्या, फोडणाऱ्या आणि यंत्राला चिकटू न देणाऱ्या घटकांना जागा उरते थोडी. दाब वाढवला तर गोळी पोटात दगडासारखी राहते, कमी केला तर डबीतच भुगा. यंत्राला चिकटू न देणारं मॅग्नेशियम स्टिअरेट जरा जास्त झालं किंवा जास्त वेळ मिसळलं गेलं, तर कणांवर मेणचट थर बसतो आणि पाणी आत शिरत नाही. कडू चव झाकायचं आवरण जाड झालं तरी परिणाम तोच. प्रयोगशाळेतल्या विरघळण्याच्या चाचणीत यातलं बरंच पकडलं जातं, सगळं नाही.

आता चाचणीची रचना. प्रत्येक स्वयंसेवकाला सगळे प्रकार आळीपाळीने देतात, म्हणजे तुलना माणसा-माणसात न होता त्याच माणसाशी होते. याला क्रॉसओव्हर म्हणतात. समजा चार प्रकार आहेत: क म्हणजे उपाशीपोटी द्रावण, ख उपाशीपोटी कॅप्सूल, ग उपाशीपोटी गोळी, घ जेवणानंतर गोळी. मग चार क्रम पुरतात: कखघग, खगकघ, गघखक, घकगख. पडताळून पाहा, प्रत्येक प्रकार दुसऱ्या प्रत्येकाच्या लगेच नंतर बरोबर एकदाच येतो. मागच्या फेरीचा काही परिणाम पुढे सरकत असेल, तर तो एकाच प्रकाराच्या माथी बसत नाही. कोणाला कोणता क्रम, हे सोडतीने ठरतं.

दोन फेऱ्यांमध्ये औषधाच्या अर्धायुष्याच्या, म्हणजे रक्तातली पातळी निम्मी व्हायला लागणाऱ्या वेळाच्या, किमान पाचपट अंतर ठेवतात. अर्धायुष्य दोन तासांचं असेल तर हिशेबाने दहा तास पुरले असते. प्रत्यक्षात दोन-तीन दिवस किंवा जास्तच ठेवावेत असं माझं मत आहे, कारण रक्तातून औषध गेलं तरी आतडं लगेच पूर्वपदावर येत नाही. अँटिबायोटिकने पातळ झालेलं पोट घेऊन माणूस पुढच्या फेरीत आला, तर त्या फेरीचे आकडे कशाचे म्हणायचे? पुढच्या फेरीच्या डोसआधी घेतलेल्या नमुन्यात त्याच फेरीच्या सर्वोच्च पातळीच्या ५ टक्क्यांहून जास्त औषध सापडलं, तर त्या माणसाची ती फेरी हिशेबातून वगळतात.

डोसच्या दिवशी सगळी शिस्त घड्याळाची. आदल्या रात्रीपासून किमान दहा तास उपास. डोसच्या एक तास आधीपासून एक तास नंतरपर्यंत पाणी बंद, अपवाद फक्त औषधासोबतच्या २४० मिलिलिटरचा. ते पाणी मोजूनच द्यायचं आणि पूर्ण प्यायला लावायचं. दोन घोटांत गिळलेली कॅप्सूल अन्ननलिकेत चिकटू शकते. डॉक्सिसायक्लिनमुळे तिथे व्रण पडतात ते याच कारणाने. गिळल्यावर तोंड, जिभेखाली आणि हात तपासतात. मग चार तास जेवण नाही आणि आडवंही व्हायचं नाही, कारण कुशीवर झोपल्याने पोट रिकामं होण्याचा वेग बदलतो. सगळ्यांना एकदम डोस देत नाहीत. दोन-तीन मिनिटांच्या अंतराने एकेकाला देतात, म्हणजे एकच परिचारिका प्रत्येकाचं रक्त ठरल्या मिनिटाला घेऊ शकते. तरी उशीर झालाच तर खरी वेळ लिहायची आणि हिशेब त्याच वेळेवर करायचा. ठरलेली वेळ लिहून टाकण्याची सवय ही या कामातली सगळ्यात वाईट सवय.

जेवणाच्या फेरीत उपास तसाच, पण डोसच्या ३० मिनिटं आधी ८०० ते १००० किलोकॅलरींचं जेवण सुरू करतात. त्यातली साधारण निम्मी ऊर्जा स्निग्ध पदार्थांतून यायला हवी आणि ते डोसआधी संपवायला हवं. ताटात काही उरलं तर ते वजन करून नोंदवतात. जेवण इतकं जड मुद्दामच ठेवतात: पचनावर जास्तीत जास्त ताण आला की औषधाचं काय होतं, ते बघायचं असतं. सेफ्युरॉक्झिम ॲक्झेटिलच्या गोळीतून उपाशीपोटी सुमारे ३७ टक्के औषध शोषलं जातं, जेवणानंतर ५२ टक्के. उलट टेट्रासायक्लिन आणि फ्लुओरोक्विनोलोन गट कॅल्शियम, लोह, मॅग्नेशियम यांना जाऊन बिलगतात, त्यामुळे तिथे दूध किंवा आम्लपित्ताची गोळी घात करते. नव्या रेणूची जात यांपैकी कोणती, हे ताटात काय वाढायचं ते ठरवण्याआधी बघायला हवं.

रक्ताच्या वेळा ठरवणं हे कौशल्याचं काम. अर्धायुष्य दोन तासांचं धरलं तर डोसआधी एक, मग १५, ३०, ४५ मिनिटं, नंतर १, दीड, २, अडीच, ३, ४, ५, ६, ८, १० आणि १२ तास, असे पंधरा नमुने. सुरुवातीला दाट वेळा ठेवण्याचं कारण द्रावण: ते पटकन शोषलं जातं आणि त्याचं शिखर अर्ध्या तासात येऊन जाऊ शकतं. पहिलाच नमुना सगळ्यात उंच निघाला, तर खरं शिखर त्याआधी कुठेतरी निसटलेलं असू शकतं. पातळी उतरत जाते त्या शेपटीकडेही तीन-चार नमुने लागतात, कारण वेळेनुसार पातळीच्या आलेखाखालचं शेवटच्या मोजमापापर्यंतचं क्षेत्रफळ एकूण अंदाजित क्षेत्रफळाच्या किमान ८० टक्के भरायला हवं. जेवणानंतर शोषण लांबतं हे विसरून त्या फेरीला उपाशीपोटीच्याच वेळा लावल्या, की शेपटी अर्धवट राहते. प्रत्येकी चार मिलिलिटर धरलं तर चार फेऱ्यांचं २४० मिलिलिटर; शिरेत बसवलेल्या नळीतलं (कॅन्युला) प्रत्येक वेळी टाकून द्यायचं अर्धा मिलिलिटर आणि तपासण्यांचं रक्त मिळवलं तर सव्वातीनशेच्या आसपास, म्हणजे साधारण एका रक्तदानाएवढं.

खरी फसगत रक्त गोळा करायच्या नळीत होते. तोंडाने शोषलं न जाणारं अँटिबायोटिक शोषलं जावं म्हणून पुष्कळदा त्याला एस्टर नावाची रासायनिक शेपटी जोडतात. ती शरीरात तुटते आणि खरं औषध मोकळं होतं. पण ती तोडणारी एन्झाइम रक्तातही असतात आणि नळीत रक्त पडल्यावरही काम चालू ठेवतात. म्हणून नळी आधीच बर्फात ठेवायची, गरज असेल तर सोडियम फ्लुओराइडसारखा रोधक घालायचा, अर्ध्या तासाच्या आत थंड सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवायची आणि प्लाझ्मा उणे ७० अंशांखाली गोठवायचा. बीटा-लॅक्टम गटात (पेनिसिलिन आणि त्याचे भाऊबंद) तर मूळ औषधच साध्या तापमानाला हळूहळू फुटतं. एखाद्या फेरीचे नमुने तासभर टेबलावर राहिले, तर त्या दिवशी दिलेली गोळी विनाकारण बदनाम होते. मोजणी एलसी-एमएस/एमएस यंत्रावर, जे नमुन्यातले घटक वेगळे करून वस्तुमानावरून ओळखतं आणि मोजतं. माहीत प्रमाणाचे नमुने १५ टक्क्यांच्या आत जुळले तरच त्या खेपेचे आकडे धरतात, आणि काही खरे नमुने पुन्हा काढून मोजतात. त्यांपैकी दोन तृतीयांश तरी २० टक्क्यांच्या आत जुळायला हवेत. कोणता नमुना कोणत्या प्रकाराचा, हे यंत्रावरच्या माणसाला कळू देत नाहीत. स्वयंसेवकाला गोळी दिसते, तिथे लपवाछपवीला फारसा अर्थ नाही.

लघवी गोळा करायलाही मी सांगेन, विशेषतः औषध मूत्रमार्गाच्या संसर्गासाठी असेल तर. चोवीस तासांच्या लघवीत बाहेर पडलेलं औषध ही रक्ताच्या आकड्यांची स्वतंत्र उलटतपासणी ठरते.

निकाल वाचताना दोन आकडे: वक्राखालचं क्षेत्रफळ म्हणजे एयूसी, आणि सर्वोच्च पातळी म्हणजे सीमॅक्स. दोन्हींचे लॉगॅरिदम घेऊन एका प्रकाराचं दुसऱ्याशी गुणोत्तर काढतात आणि त्याची ९० टक्के विश्वासमर्यादा, म्हणजे खरं गुणोत्तर जिथे असण्याचा अंदाज आहे तो पट्टा, ८० ते १२५ टक्क्यांत बसते का ते पाहतात. १२५ हा आकडा विचित्र वाटतो, पण ०.८ उलटं केलं की १.२५च येतं. माणसं किती, याचं उत्तरही इथेच आहे. एकाच माणसातला चढउतार २० टक्के असेल आणि खरं गुणोत्तर ०.९५ धरलं, तर दोन प्रकारांची समतुल्यता ८० टक्के खात्रीने दाखवायला सुमारे २० माणसं लागतात. चढउतार ३० टक्के झाला की ४०. तुम्ही म्हणता ती चाचणी समतुल्यता सिद्ध करायची नाही, प्रकार निवडायची आहे, त्यामुळे १६ ते २४ जणांत भागतं. गळती धरून दोन-चार जादा घेतात. औषध घेतल्यावर ठरावीक वेळेत कोणी उलटी केली, तर त्याची ती फेरी धरत नाहीत; लगेच विरघळणाऱ्या गोळीसाठी ही वेळ शिखर गाठायला लागणाऱ्या मध्यक काळाच्या दुप्पट.

मात्र आकडा ८०च्या खाली गेला म्हणून गोळी लगेच फेकू नये. बीटा-लॅक्टम औषधांत शिखराची उंची दुय्यम; प्रथिनांना न चिकटलेलं औषध जंतूला रोखणाऱ्या किमान पातळीच्या वर किती वेळ राहतं ते महत्त्वाचं. तिथे बुटका पण रुंद वक्र उलट बरा. क्विनोलोनमध्ये क्षेत्रफळ आणि त्या किमान पातळीचं गुणोत्तर धरतात, तिथे एयूसी घटलं तर ते नुकसानच. कधीकधी मंद शोषण हवंच असतं: नायट्रोफ्युरँटॉइनचे स्फटिक मोठे केल्यावर ते हळू विरघळू लागलं आणि मळमळ कमी झाली. द्रावणाला संदर्भ मानतानाही सावध राहावं. चवीसाठी त्यात सॉर्बिटॉल भरपूर असेल, तर ते आतड्यात पाणी ओढतं, औषध पुढे ढकलतं आणि द्रावणच मागे पडतं. मग कॅप्सूल उगाच चांगली दिसते.

स्वयंसेवकाचं काय? त्याला उपचाराचा फायदा शून्य, म्हणून निवड कडक: साधारण १८ ते ५५ वय, यकृत-मूत्रपिंड-ईसीजी नीट, एचआयव्ही आणि हिपॅटायटिस बी-सी नाही, गर्भधारणा नाही, त्या गटाच्या औषधाची ॲलर्जी नाही, अलीकडे अँटिबायोटिक घेतलेलं नाही, आणि आधी कधी क्लॉस्ट्रिडिऑइडिस डिफिसिलचा (अँटिबायोटिकनंतर आतड्यात माजणारा जंतू) जुलाब झालेला नाही. शेवटची अट कागदावर किरकोळ दिसते, पण एका डोसनेही तो जंतू उचल खाऊ शकतो, त्यामुळे चाचणी संपल्यावरही काही आठवडे जुलाब झाल्यास कळवायला सांगतात. संमतीपत्रात हमखास बारीक अक्षरात जाणारी गोष्ट म्हणजे ॲलर्जी. आज अंगावर पुरळ आलं, तर उद्या खऱ्या संसर्गात त्या माणसाला तो सगळा औषधगट बंद होऊ शकतो. हे तोंडी, स्पष्ट शब्दांत सांगायला हवं. मानधन पूर्ण केलेल्या फेऱ्यांच्या प्रमाणात द्यावं. सगळं शेवटच्या दिवसावर ठेवलं तर त्रास होत असलेला माणूस गप्प बसतो आणि सुरक्षेचे आकडेही खोटे पडतात.

निवडलेली गोळी तशीच बाजारात येते असंही नाही. चाचणीतली गोळी छोट्या यंत्रावरची असते. मोठ्या यंत्रावर दाब, ओलावा, मिसळण्याची वेळ सगळं बदलतं. म्हणून निर्णायक चाचणीसाठीची खेप पुढच्या उत्पादनाच्या किमान एक दशांश किंवा एक लाख गोळ्या, यांपैकी जे जास्त असेल तेवढी लागते, आणि तुलनेच्या दोन गोळ्यांतल्या औषधाचं प्रमाण ५ टक्क्यांच्या आत जुळलेलं असावं लागतं. त्या वेळी माणसांची संख्या या पहिल्या चाचणीत दिसलेल्या चढउतारावरून काढतात.