डीडीआर४ मेमरीत रीड कमांड बरोबर सीएल क्लॉक (कमांडपासून डेटा येईपर्यंतचे ठरलेले क्लॉक) थांबवायची, तर साधं शिफ्ट रजिस्टर (दर क्लॉकला बिट एक पायरी पुढे सरकवणारी साखळी) का पुरत नाही? आणि त्यात वीज कशी वाचवतात?

साधं शिफ्ट रजिस्टर पुरत नाही, कारण कमांड एका क्लॉकवर आत येते आणि डेटा दुसऱ्याच क्लॉकवर बाहेर जातो. तुमच्या प्रश्नात दोन्ही क्लॉक एकच धरले आहेत. सगळी अडचण तिथूनच सुरू होते.

डीडीआर४-३२०० चा क्लॉक १६०० मेगाहर्ट्झचा, म्हणजे एक क्लॉक ०.६२५ नॅनोसेकंदाचा. सीएल २२ असेल तर रीड कमांडनंतर १३.७५ नॅनोसेकंदांनी डेटा पिनवर हवा, तोही बाहेरच्या क्लॉकच्या कडेला जुळून. पण तो क्लॉक चिपच्या आत पोचेपर्यंत इनपुट बफरमध्ये उशीर होतो आणि डेटा बाहेर पडताना आउटपुट ड्रायव्हरमध्ये आणखी उशीर होतो. हा उशीर भरून काढायला डीएलएल (डिले-लॉक्ड लूप) असतो; त्यात उशीर कमी-जास्त करता येणारी डिले लाइन असते. इनपुटचा उशीर, डिले लाइनचा उशीर आणि आउटपुटचा उशीर यांची बेरीज तो पूर्ण क्लॉकच्या पटीत आणतो. ती पट म्हणजे एन.

आकडे घालून बघू. समजा इनपुटला ०.९ आणि आउटपुटला १.६ नॅनोसेकंद लागतात. बेरीज झाली २.५, म्हणजे नेमके चार क्लॉक. डिले लाइनला स्वतःचा काही किमान उशीर असतोच, त्यामुळे लूप पाच क्लॉकवर लॉक होईल आणि लाइन ०.६२५ नॅनोसेकंद धरून ठेवेल. एन झाला ५. आता डीएलएलमधून निघालेली प्रत्येक कड पिनवर पोचेपर्यंत मूळ कडेपेक्षा पाच क्लॉक मागे पडलेली असते. म्हणून आत मोजायचे क्लॉक २२ नाहीत, १७ आहेत: सीएल वजा एन. हाच भाग ८०० मेगाहर्ट्झवर, सीएल ११ ने चालवला तर तेच २.५ नॅनोसेकंद दोनच क्लॉकचे होतात, एन ३ होतो आणि आत ८ मोजावे लागतात. एन वेगाप्रमाणे बदलतो, त्यामुळे तो डिझाइन करताना ठोकून बसवता येत नाही. डीएलएल लॉक झाल्यावर डिले लाइन आणि रेप्लिका (इनपुट-आउटपुटच्या उशिराची चिपमधली नक्कल) यांच्यातून एक पल्स सोडायचा, तो बाहेर येईपर्यंत क्लॉक मोजायचे आणि आकडा साठवायचा. पुढे तापमान किंवा व्होल्टेज सरकलं तर लाइनचा उशीर बदलतो, एन तसाच राहतो. म्हणून डीएलएल रीसेटनंतर एकदा मोजलं की भागतं, अर्थात लाइनची मर्यादा संपत नाही तोवर.

कमांडला डीएलएलच्या क्लॉकवर आणायचा मला सगळ्यात भरवशाचा वाटणारा मार्ग म्हणजे तिला डिले लाइनच्याच हुबेहूब नकलेतून पाठवणं. क्लॉक आणि कमांड दोघांनाही सारखाच उशीर झाला, की आत येताना जेवढा सेटअप-होल्ड (क्लॉकच्या कडेआधी आणि नंतर सिग्नल स्थिर राहायचा वेळ) होता जवळपास तेवढाच पलीकडेही मिळतो. शिवाय ही नक्कल कमांड आली तरच हलते, एरवी गप्प असते. दोन्ही लाइनींना एकाच वेळी उशीर ठरवणारा तोच कोड मिळायला हवा, एवढं सांभाळा.

आता विजेचं. सतरा फ्लिप-फ्लॉप (शिफ्ट रजिस्टरची एकेक पायरी) १६०० मेगाहर्ट्झवर अखंड चालवणं म्हणजे निव्वळ उधळपट्टी, कारण त्यात बहुतेक वेळ शून्यंच सरकत असतात. डीडीआर४ मध्ये दोन रीड कमांडमध्ये किमान चार क्लॉकचं अंतर असतं. म्हणजे कितीही घाई केली तरी सतरा पायऱ्यांवर एका वेळी पाचच कमांड मावतात, आणि सलग चार पायऱ्यांच्या गटात कधीही एकाहून जास्त कमांड नसते. इथेच खरी बचत आहे. चार-चारचे गट करा, प्रत्येक गटाला स्वतंत्र गेटेड क्लॉक (गरज नसताना बंद ठेवता येणारा) द्या आणि आधीच्या गटात कमांड शिरली की पुढच्याचं गेट उघडा. पहिल्या गटाचं गेट मात्र कमांड डीकोड होईपर्यंत थांबलं तर पहिली कड हुकते. ते चिप सिलेक्ट खाली येताच उघडावं आणि कमांड रीड नसेल तर बंद करावं. गेटमध्ये लॅच हवाच. नुसत्या अँड गेटवर क्लॉक बंद-चालू करू नका, ग्लिच (क्षणिक खोटा पल्स) येईल.

दुसरी पद्धत पॉइंटरची. शिफ्ट रजिस्टर म्हणजे रांग, प्रत्येकाने दर वेळी एक पाऊल पुढे सरकायचं. पॉइंटर म्हणजे बँकेतलं टोकन: कमांड आपल्या खणात बसून राहते, फक्त नंबर पुढे जातो. लिहिणारा पॉइंटर इनपुट क्लॉकवर, वाचणारा डीएलएलच्या क्लॉकवर, आणि दोघांतलं अंतर म्हणजेच लेटन्सी. मोठ्या सीएलला हे फार छान चालतं. पण पॉइंटर सतत फिरते ठेवावे लागतात, आणि वीज वाचवायला थांबवले तर पुन्हा सुरू करताना दोघांना एकाच पल्सने जुळवून घ्यावं लागतं. ते अंतर एका क्लॉकने जरी चुकलं तरी त्यानंतरचा प्रत्येक रीड चुकतो. पहिल्याच प्रोजेक्टसाठी मी तुम्हाला गटवार गेटिंगचं शिफ्ट रजिस्टरच सुचवेन.

हे सगळं रीडपुरतं नाही. राइटचा डेटा स्वतःच्या स्ट्रोबसोबत (डेटा कधी टिपायचा ते सांगणाऱ्या सिग्नलसोबत) येतो, त्याला डीएलएल लागत नाही. पण सिंक्रोनस ओडीटीला (ऑन-डाय टर्मिनेशन, म्हणजे चिपच्या आतला टर्मिनेशन रोध क्लॉकला जुळवून चालू-बंद करणं) लागतो, त्यामुळे तिची कमांडही याच वाटेने न्यावी लागते. मोबाइलमधल्या एलपीडीडीआर४ मध्ये डीएलएलच नसतो. तिथे स्ट्रोब क्लॉकनंतर १.५ ते ३.५ नॅनोसेकंदांत कधीही येऊ शकतो, आणि तो ओळखून घ्यायचं काम कंट्रोलरकडे जातं.

सिम्युलेशन करताना फक्त ठरलेल्या फ्रिक्वेन्सी तपासू नका. क्लॉकचा काळ हळूहळू वाढवत जा आणि एन ५ वरून ४ वर उतरतो त्या जागेभोवती, फास्ट आणि स्लो दोन्ही कॉर्नरला (ट्रान्झिस्टर सगळ्यात वेगवान आणि सगळ्यात मंद असतानाची टोकं), बारीक पावलांनी फिरा. तिथे मोजलेला एन आणि लूपचा खरा एन वेगळे निघाले तर डेटा बरोबर एक क्लॉक पुढे किंवा मागे येतो, आणि वेव्हफॉर्म बाकी सगळीकडे निर्दोष दिसतो.