आधी वही, मग सर्टिफिकेट

ताई, कंपनी काढून विडी वळणाऱ्या बायकांना कडक भाकरी, शेंगाचटणीचं काम द्यायचं आणि बी कॉर्प, म्हणजे समाज-पर्यावरणाचं भान ठेवणाऱ्या कंपन्यांचं सर्टिफिकेट, मिळवायचं म्हणता, हे झकास. पण आधी कंपनीचा प्रकार ठरवा. कंपनी कायद्याच्या कलम 8 च्या, म्हणजे समाजकार्यासाठी काढलेल्या कंपनीत सभासदांना नफा वाटता येत नाही, आणि बी कॉर्प मिळतं नफ्यासाठी चालणाऱ्या कंपन्यांनाच. बी कॉर्पची किमान 80 गुणांची अट 2025 च्या नव्या निकषांत गेली. आता सात विषयांत किमान अटी पाळाव्या लागतात. त्यामुळे जुने व्हिडिओ बघून तयारी नको.

खरं काम वहीचं, बायकांची कमाई आधी किती होती नि नंतर किती झाली ते दाखवायला. बाई रुजू होते त्याच दिवशी लिहून घ्या: हजार विड्यांमागे काय मिळायचं, महिन्याला हातात किती यायचं, पैसे ठेवायचं कोण. सहा महिन्यांनी विचारलंत तर कुणाला धड आठवत नाही. मजुरी तिच्याच खात्यात टाका; पासबुक पुरावा होतं, फोटो काय कुणीही काढतं! एफएसएसएआयची (सरकारी अन्नसुरक्षा प्राधिकरणाची) नोंदणी मात्र पहिली भाकरी विकायच्या आत उरका.