आधी मालकीचा प्रश्न मिटव

प्रिय मित्रा,

उद्योजकता कक्षाची जबाबदारी तुझ्याकडे आली, अभिनंदन. पाठवलेला आराखडाही वाचला. त्यात इमारत आहे, उद्घाटन आहे, वर्षाकाठी किती सामंजस्य करार करायचे त्याचं उद्दिष्ट आहे. उद्या एखादी विद्यार्थिनी येऊन म्हणाली, 'हे उपकरण मी इथल्या प्रयोगशाळेत बनवलं, आता कंपनी काढायची आहे. हे माझं की विद्यापीठाचं?' तर तिला काय सांगायचं, हे मात्र त्यात कुठेच नाही. माझं ऐकशील तर सुरुवात तिथून कर.

प्रश्न वकिलांचा वाटतो, पण घोडं इथेच अडतं. नॉर्वेमध्ये 2003 पर्यंत प्राध्यापकाच्या शोधावर प्राध्यापकाचाच हक्क असे. मग कायदा बदलला. मालकी विद्यापीठाकडे गेली, संशोधकाच्या वाट्याला साधारण एक तृतीयांश उरलं. हेतू चांगला होता: विद्यापीठाने लक्ष घातलं तर जास्त शोध बाजारात पोहोचतील. ह्विडे आणि जोन्स या अर्थशास्त्रज्ञांचा 2018 मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास सांगतो की झालं नेमकं उलटं. विद्यापीठातल्या लोकांनी काढलेल्या नव्या कंपन्या आणि त्यांची पेटंटं, दोन्हींची संख्या जवळपास निम्म्यावर आली. ज्याने नोकरी सांभाळून रात्री जागायच्या, त्याचाच वाटा कापला तर तो कशाला जागेल?

यावरून 'मालकी संशोधकाचीच हवी' असा सरसकट नियम मात्र मी काढणार नाही. अमेरिकेत 1980 च्या बे-डोल कायद्याने सरकारी पैशातून झालेल्या शोधांची मालकी विद्यापीठांना ठेवता येऊ लागली. त्याआधीची पेटंटं बहुतांशी सरकारदरबारी वापराविना पडून असत, त्यामुळे तिथे तो बदल उपयोगी पडला. कॅनडातल्या वॉटर्लू विद्यापीठात उलट धोरण आहे: शोध ज्याचा, मालकी त्याची. तेही चालतं. चालत नाही ते 'प्रकरण आलं की समिती ठरवेल' हे उत्तर. गुंतवणूकदार सुरुवातीलाच मालकीचा कागद मागतो, आणि आपल्या समित्यांचा वेग तुला माहीतच आहे. तेव्हा दोन पानांचा, विद्यार्थ्याला वाचून कळेल असा नियम लिहून ठेव. विद्यार्थ्याने स्वतःच्या वेळात केलेलं काम आणि पगारी संशोधकाने प्रकल्पाच्या पैशातून केलेलं काम, यांत फरक कर. या दोन गोष्टींची सरमिसळ झाली की भांडण ठरलेलं.

पैशांबद्दल एक धोक्याची सूचना. कोणीतरी तुला अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठाची गोष्ट ऐकवेलच. स्टॅनली कोहेन आणि हर्बर्ट बॉयर यांच्या जनुकं जोडण्याच्या पद्धतीचं पहिलं पेटंट 1980 मध्ये मिळालं आणि 1997 मध्ये मुदत संपेपर्यंत त्यावर पंचवीस कोटी डॉलरच्या आसपास रक्कम जमा झाली. गोष्ट खरी आहे. ऐकवणारे एक मात्र विसरतात: ते लायसन्स कोणा एका कंपनीला मक्त्याने दिलं नव्हतं. जो मागेल त्याला मिळे, आणि सुरुवातीचं शुल्क होतं फक्त दहा हजार डॉलर. म्हणून तर शेकडो कंपन्यांनी ते घेतलं. शिवाय असा शोध क्वचितच हाती लागतो. अमेरिकेतसुद्धा तंत्रज्ञान हस्तांतरणाच्या, म्हणजे विद्यापीठातले शोध कंपन्यांपर्यंत पोहोचवणाऱ्या, बहुतेक कार्यालयांचा स्वतःचा खर्च निघत नाही. कुलगुरूंना 'हा कक्ष विद्यापीठाला उत्पन्न मिळवून देईल' असं सांगून निधी मागू नकोस. तिसऱ्या वर्षी तेच वाक्य तुझ्यासमोर ठेवतील.

मग विद्यापीठाने करायचं काय? स्टॅनफर्डचे प्राध्यापक फ्रेडरिक टर्मन यांनी केलं ते. 1938 मध्ये त्यांचे माजी विद्यार्थी डेव्हिड पॅकार्ड दूर एका मोठ्या कंपनीत नोकरीला होते. टर्मन यांनी शिष्यवृत्तीची सोय करून त्यांना स्टॅनफर्डला परत आणलं, आणि त्यांचे दुसरे विद्यार्थी बिल ह्यूलेट आपल्या संशोधनात ज्या ऑसिलेटरवर (ठरावीक वारंवारितेचे विद्युत संकेत निर्माण करणाऱ्या उपकरणावर) काम करत होते त्यातून उत्पादन निघू शकतं हे त्या दोघांच्या डोक्यात भरवलं. 1939 मध्ये ह्यूलेट-पॅकार्ड कंपनी उभी राहिली. विद्यापीठाचा खर्च किरकोळ होता. ज्याला विद्यापीठ आणि उद्योग, दोन्हीकडची माणसं ठाऊक आहेत असा एक शिक्षक मात्र होता. तुझ्या आराखड्यात या माणसासाठी पद नाही, संगणकांसाठी तरतूद आहे. तेवढं बदल.

येण्याजाण्याची वाटही मोकळी हवी. कंपनी काढणाऱ्या विद्यार्थ्याला वर्षभर थांबून परत प्रवेश मिळावा. प्राध्यापकाला बिनपगारी रजा मिळावी आणि तिचा पदोन्नतीत तोटा होऊ नये. वॉटर्लूमध्ये 1957 पासून विद्यार्थी एक सत्र शिकतात आणि एक सत्र पगारी काम करतात. त्यामुळे कंपनीला काय टोचतं हे त्यांना पदवीआधीच कळलेलं असतं, आणि धंद्याच्या चांगल्या कल्पना बहुधा तिथूनच सुचतात. कल्पनांच्या स्पर्धा हव्या तर घे. बक्षिसं वाटली जातात, फोटो निघतात, फार काही होत नाही.

कंपन्यांशी करार करताना मोठ्या सामंजस्य कराराच्या मागे लागू नकोस. त्यावर सही झाली की दोन्ही बाजू तो विसरतात. त्यांची एखादी छोटी, खरी अडचण माग. तीन-चार महिन्यांत सुटेल अशी, आणि तिचे पैसे घे. फुकट दिलेल्या उत्तराकडे कंपनीत कोणी ढुंकून बघत नाही.

आणि करारातलं निष्कर्ष प्रसिद्ध करण्याबाबतचं कलम स्वतः वाच. टोरांटोच्या डॉक्टर नॅन्सी ऑलिव्हिएरी यांना 1996 मध्ये एका औषधाच्या चाचणीत रुग्णांना धोका संभवतो असं दिसलं. ते रुग्णांना सांगायचं ठरवल्यावर करारातल्या गोपनीयतेच्या कलमावर बोट ठेवून कंपनीने कायदेशीर कारवाईचा इशारा दिला. पेटंटचा अर्ज करण्यापुरता काही आठवड्यांचा विलंब मान्य कर. निष्कर्ष दाबण्याचा हक्क कोणत्याही रकमेला देऊ नकोस. हा एक मुद्दा असा आहे की ज्यावर करार मोडला तरी चालेल. तुझे वरिष्ठ नाराज होतील, होऊ देत.

मालकीच्या नियमाचा मसुदा झाला की वकिलांकडे जाण्याआधी मला पाठव. आणि त्याआधी कंपनी काढू पाहणाऱ्या दोन-तीन विद्यार्थ्यांना वाचायला दे. ते कुठे अडखळतात तिथे पेन्सिलीने खूण करून ठेव.