लेनूसारखीच मी पण कायम दुसरी

प्रश्न : ताई, मी अकरावी सायन्सला आहे. सुट्टीत एलेना फेरांतेची 'माय ब्रिलियंट फ्रेंड' ही इटालियन कादंबरी वाचली आणि तेव्हापासून डोकं नुसतं भणभणतंय. त्यातली लेनू म्हणजे मीच. माझी बेस्ट फ्रेंड दिसायला भारी, अभ्यास न करता मार्क जास्त, ती बोलायला लागली की सगळे तिच्याकडेच बघतात आणि मी आपली शेजारी उभी, पिंपल्स लपवत. तिला टेस्टमध्ये कमी पडले की मला आतून बरं वाटतं, मग दिवसभर स्वतःचीच लाज वाटते. ही मैत्री आहे का जळणं? आणि पुढचा भाग आत्ता वाचू का?
– एक वाचक, सांगली

उत्तर : अगं, दोन्ही. इटलीतल्या नेपल्सच्या गरीब वस्तीत १९५०च्या दशकात वाढणाऱ्या लेनू आणि तिची मैत्रीण लीला या दोन पोरींचं अख्खं पुस्तकच त्या दोन्हीवर उभं आहे. तो लायब्ररीचा प्रसंग आठव. सगळ्यात जास्त पुस्तकं नेणाऱ्यांना बक्षिसं, पहिली लीला, दुसरा तिचा बाप, तिसरी आई, चौथा भाऊ आणि पाचवी लेनू, कारण लीलानं घरातल्या सगळ्यांच्या नावावर कार्डं काढून एकटीनंच सगळी पुस्तकं वाचलेली! वाचताना हसू येतं, पण लेनूच्या जागी मी असते तर घरी येऊन रडले असते.

पण तू हे सगळं लेनूच्या डोळ्यांनी वाचलंस, कारण गोष्ट सांगते तीच. जरा लीलाच्या बाजूला जाऊन बघ. दोघी शाळा बुडवून समुद्र बघायला निघतात, कल्पना लीलाची, आणि आभाळ भरून आल्यावर मागे फिरते तीच, जी एरवी कुणाच्या बापाला घाबरत नाही. लेनू घरी मार खाते आणि नंतर लीला तिला विचारते काय, तर नुसतं मारलंच का, तरी पुढच्या शाळेत लॅटिन शिकायला पाठवणारच का? तिथं लेनूला शंका येते की हिला आपली शाळा सुटायला हवी होती की काय. लीलाला घरच्यांनी पाचवीनंतर त्या शाळेत पाठवलंच नाही ना, हट्ट धरला तर बापानं खिडकीतून बाहेर फेकलं, हात मोडला तिचा. म्हणजे तुझी ती 'भारी' मैत्रीण रात्री झोपताना तुझ्याकडचं काय मोजत असेल ते तुला कुठं माहितीये. सोळाव्या वर्षी लग्नाला उभी राहायच्या आधी लीला लेनूला सांगते की तू शिकणं थांबवू नकोस, पैसे मी देते, माझी हुशार मैत्रीण तू आहेस, आणि तोवर आपण सगळे हुशार म्हणजे लीलाच असं धरून बसलेलो असतो.

आता मार्कांचं. बरं वाटलं तर वाटू दे, त्यावरून स्वतःला झोडपत बसू नकोस. फक्त तिनं नोट्स मागितल्या की "अगं मीच काही केलं नाहीये" असं खोटं सांगतेस का ते बघ, सांगत असशील तर तेवढं आजपासून बंद. आणि आठवड्यातून एखादी गोष्ट अशी कर जिथं ती नसेलच, पोहणं, चित्रं, काहीही. लेनू इस्किया बेटावर जाते, लीला सोबत नाही, रोज समुद्रात डुंबते आणि तिची स्किन काय, चालणं काय, सगळंच बदलतं.

अर्थात त्याच बेटावर तो मोठा माणूस तिच्याशी जे वागतो ते वाचून पोटात गोळा आला असेल तर ते मनात ठेवू नकोस, आईशी नाहीतर मावशीशी, जिच्याशी जमतं तिच्याशी बोल. दुसऱ्या भागात लीलाचा संसार आहे आणि नवऱ्याची मारहाण हनिमूनपासूनच सुरू होते, त्यामुळे माझ्या मते बारावीची परीक्षा होऊ दे, मग निवांत वाच. आईला पहिला भाग आत्ताच दे वाचायला.