नेट नसलं तरी मराठी टाईप होते : वाचकांचे प्रश्न, ताईची उत्तरं

मागच्या अंकात लिनक्सवर (विंडोजच्या जागी टाकता येणारी फुकट सिस्टीम) मराठी टाईप करण्याबद्दल चार ओळी लिहिल्या तं एवढे प्रश्न आले की यावेळचा सगळा कॉलम त्यालाच दिला. आर्णीकडून, धारणीकडून, अकोल्याच्या होस्टेलमधून पण. सगळ्यांना जागा देता आली नाही, सारखे प्रश्न एकत्र केले.

ताई, मी जिल्हा परिषदेच्या शाळेवर आहे, गाव आर्णीपासून बरंच आत. शाळेत ५ कॉम्प्युटर आहेत, विंडोज १० वाले, त्याचे अपडेट बंद झाले आणि ११ त्याच्यावर चढत नाही. नेट म्हणजे माझा मोबाईल, तोही स्लॅबवर गेल्यावर. कोणी म्हणते लिनक्स टाका, पण पोरांना मराठी टाईप करता आलं नाही तर उपयोग काय? आणि मराठीचं सगळं नेटवरून घ्यावं लागते म्हणतात, खरं आहे का?
– एक शिक्षिका, यवतमाळ जिल्हा

मॅडम, शेवटचं आधी सांगते, नाही घ्यावं लागत. इन्स्क्रिप्ट म्हणजे भारतीय भाषांसाठी ठरवलेली बटनांची मांडणी, तिचा कीबोर्ड लिनक्स मिंट, उबुंटू, डेबियन या लिनक्सच्या सगळ्या प्रकारांच्या आतच असते, देवनागरी फॉन्टही सोबत येते. सेटिंगमध्ये कीबोर्ड उघडा, लेआउटवर जा, अधिकचं चिन्ह दाबा आणि भारतीय लेआउटच्या यादीतून मराठी निवडा, झालं, नेटचा एक केबीही लागत नाही. मराठी इन्स्क्रिप्ट दिसलं नाही तर साधं भारतीय घेतलं तरी चालते, ळ आणि ऱ दोन्ही त्यात आहेत.

विंडोज १० चे नेहमीचे अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबले हे खरं आहे, आणि चालू मशीन तेवढ्यासाठी भंगारात काढायला माझं मन होत नाही. मिंटला २ जीबी रॅम कमीत कमी आणि ४ असली तर बरं, डिस्क २० जीबी. मशीन फारच दमलेलं असेल तर मिंटचीच एक्सएफसीई नावाची हलकी आवृत्ती घ्या.

आता खरी अडचण मिंट टाकायची ती ३ जीबीच्या आसपासची फाईल आणायची. यात मी स्वतः पोळले आहे म्हणून जरा लांबण लावते. पहिल्यांदा मी ती मोबाईलच्या हॉटस्पॉटवर ब्राउजरमधून घ्यायला लावली, रात्रीचं लावून झोपायची, तिसऱ्या रात्री ९० टक्क्याच्या वर गेली होती आणि लाईट गेली. सकाळी पाहते तं पुन्हा शून्यावरून सुरू, तीन दिवसाचा डेटा पाण्यात. तेव्हापासून टोरेंट. मिंटच्या साईटवर टोरेंटची लिंक दिलेलीच असते, त्याच्यात फाईल तुकड्यातुकड्यानं येते, लाईट गेली तर जितकी आली तितकी राहते आणि प्रत्येक तुकडा बरोबर आला की नाही तेही तो तपासून घेते. टोरेंट म्हणजे चोरीचे पिक्चर असं आपल्याकडं पक्कं बसलेलं आहे, पण ही फक्त फाईल आणायची पद्धत आहे, आणि लिनक्सवाले स्वतःच ती देतात.

त्याच्याहूनही बरं म्हणजे तालुक्याला ज्याच्याकडं फायबर आहे त्याच्याकडून ८ जीबीच्या पेन ड्राईव्हवर भरून आणा. फक्त फाईलचा शा-२५६ चा आकडा, म्हणजे फाईलवरून निघणारा तिचा लांबलचक ओळख-नंबर, साईटवरच्या आकड्याशी जुळवून पहा, एक अक्षर जरी वेगळं निघालं तर ती फाईल वापरू नका, अर्ध्यात इन्स्टॉल अडकलं की फार मनस्ताप होते.

आणि मॅडम, पाचही मशीन एकदम करू नका. पेन ड्राईव्हवरूनच मिंट चालू करता येते, डिस्कला हात न लावता. एका मशीनवर आठ दिवस तसं चालवून पहा, प्रिंटर चालते का, आवाज येते का. मग शाळेचा सगळा डेटा बाहेर काढून ठेवा आणि मगच टाका.

मी जीसीसी-टीबीसी मराठी ३० पास आहे, रेमिंग्टनवर, म्हणजे जुन्या टाईपरायटरच्या मांडणीवर, हात बसलेला. लिनक्सवर इन्स्क्रिप्टच येते म्हणतात. आता सगळं नव्यानं शिकू का? आणि दुकानातल्या कृतिदेवच्या जुन्या फाईलचं काय?
– डीटीपीवाला, दारव्हा

भाऊ, हात बसलेला मोडायची गरज नाही. आयबस-एम१७एन नावाचं पॅकेज, म्हणजे वरून टाकायचं सॉफ्टवेअर, टाकलं की हिंदीच्या यादीत रेमिंग्टन मिळते, अक्षरं तीच युनिकोडची पडतात, म्हणजे प्रत्येक अक्षराला सगळीकडं एकच ठरलेला नंबर. हे पॅकेज मात्र बाहेरून आणावं लागते, नेटशिवाय कसं आणायचं ते खाली धारणीच्या उत्तरात आहे.

तरी दुकानात जी नवीन पोरं शिकून राहिली त्यांना इन्स्क्रिप्टच शिकवा, हे मी अगदी कळकळीनं सांगते. १९८६ पासूनची ही मांडणी आहे, डाव्या हाताला सगळे स्वर, उजव्या हाताला व्यंजनं, आणि ती एकाच भाषेची नाही. आपल्या सिरोंचाकडं घरात तेलुगू बोलणारी पोरं आहेत, त्यांनी मराठीचा क जिथं दाबला तिथंच तेलुगूचाही क आहे. एकदा शिकलं की दोन लिप्या हातात.

आपल्याकडं रोज लागणारा शब्द घ्या, शेतकऱ्याला. शिफ्ट धरून एम दाबला की श, एस नं मात्रा, एल वर त, के वर क. आता शिफ्ट धरून जे, हा ऱ. मग डी, त्यानं पाय मोडते, मग तिरक्या रेघेच्या बटनावर य, ई वर काना, एन वर ल, परत ई. दहा दाब. या ऱ ला फार जपा. साधा र घेऊन पाय मोडून य दिला तर य च्या डोक्यावर रफार चढते आणि शब्द भलताच दिसते. काही जण मग र च्या मागे न दिसणारं जोडाक्षराचं चिन्ह घालून ते रूप जमवतात, कागदावर सारखंच दिसते, पण कॉम्प्युटरला ते दोन वेगळे शब्द. लाभार्थ्यांच्या यादीत 'शेतकऱ्या' शोधलं आणि अर्धी नावं सापडलीच नाही असं मी स्वतः पाहिलं, बाई बिचारी दोन तास यादी खालीवर करून राहिली होती.

कृतिदेवचं असं आहे की त्या फाईलमध्ये आतून मराठी नाहीच, इंग्रजी अक्षरं आहेत, वरून फक्त फॉन्टचा मुखवटा आहे. फॉन्ट गेला की सगळी गिचमिड. म्हणून बदलून युनिकोड करून ठेवा. त्याचे कन्व्हर्टर वेबपानाच्या रूपात मिळतात, बरेच तर पूर्ण पान सेव्ह करून घेतलं की नेटशिवायही चालतात. बदलल्यावर ऱ्हस्व वेलांटी आणि रफार डोळ्यांनी तपासा, चूक बहुतेक तिथंच राहते.

ताई, मी अकोल्याला शेतकीला आहे. होस्टेलला एक मित्र इथिओपियाचा आहे, त्याच्या लॅपटॉपवर मी उबुंटू टाकून दिलं. आता तो म्हणते मला घरच्यांना अम्हारिकमध्ये लिहायचं आहे आणि सुट्टीत गावी गेल्यावर तिथं मित्रांनाही टाकून द्यायचं आहे, पण तिथं नेट महाग आणि भरोशाचं नाही. त्याची लिपी मला काही केल्या कळत नाही, एवढी अक्षरं एका कीबोर्डवर मावतात कशी?

हा प्रश्न वाचून मला इतका आनंद झाला की मी त्याचं उत्तर सगळ्यात आधी लिहायला घेतलं होतं.

बघ, त्यांची लिपी आणि आपली लिपी विचारानं बहिणीच आहेत. आपल्याकडं क ला काना मात्रा लागतात तशी त्यांच्याकडं प्रत्येक व्यंजनाची सात रूपं. मूळ व्यंजनं ३३ धरली तर ३३ साती २३१, वर आणखी काही जोडरूपं वेगळी. फरक पडते तो कॉम्प्युटरमध्ये. युनिकोडनं आपल्याला क वेगळा दिला, काना वेगळा दिला, आणि दोन्ही जोडून चित्र काढायचं काम फॉन्टवर टाकलं. त्यांना १९९९ च्या ३.० आवृत्तीत जागा मिळाली तेव्हा सातही रूपांना प्रत्येकी स्वतंत्र नंबर मिळाला. म्हणून दाखवायला त्यांची लिपी सोपी, जोडाजोडच नाही, आणि टाईप करायला मात्र मधे कोणीतरी मदतनीस लागते कारण एवढी बटनं आणायची कुठून. आपलं उलटं, आपली अक्षरं बटनांवर मावतात आणि दाखवताना फॉन्टची परीक्षा होते.

तो मदतनीस म्हणजे वर सांगितलेलं तेच एम१७एन. त्याच्यात अम्हारिकसाठी सेरा नावाची पद्धत आहे, रोमन अक्षरातून लिहायची. मित्राला 'सेलाम' लिहू दे, नमस्कारासारखा शब्द आहे, आपल्या सलामचाच भाऊ. त्यानं एस दाबला की स चं स्वर नसलेलं रूप पडते, लगेच ई दाबला की तेच अक्षर जागेवर बदलून पहिलं रूप होते. मग एल आणि ए. शेवटी नुसता एम, तो तसाच राहू द्यायचा, आपल्यासारखा पाय मोडावा लागत नाही कारण सहावं रूप त्याच कामाचं आहे. पाचव्या रूपाला मात्र कॅपिटल ई लागते, तिथं सुरुवातीला चूक होईल. पूर्णविरामाला त्यांच्यात चार टिंबं असतात.

आयबस-एम१७एन, त्याच्या टाईपिंगच्या पद्धती ज्यात असतात ते एम१७एन-डीबी आणि त्यांच्या लिपीचा ॲबिसिनिका एसआयएल हा फॉन्ट, एवढं पेन ड्राईव्हवर सोबत दे. तिकडं २०२२ च्या ऑक्टोबरपर्यंत देशात एकच टेलिकॉम कंपनी होती, त्यामुळं नेटशिवाय काम चालवायची सवय त्यांना आपल्याहून जास्त असेल. त्याच्याकडून तूही शिकून घे.

आमच्या गावात रेंज येण्यासाठी टेकडीवर जावं लागते. मला ओपन सोर्सचा प्रचार करायचा आहे, पोट्टे गोळा होतात, पण म्हणतात फुकटचं आहे म्हणजे भंगार असेल. अपडेट आणि पॅकेज नेटशिवाय कसे द्यायचे? कुठून सुरुवात करू?
– एक तरुण, धारणी तालुका, मेळघाट

दादा, आधी पॅकेजचं. एपीटी-ऑफलाइन नावाचं छोटं साधन आहे. गावातल्या मशीनवर ते चालवलं की काय काय पाहिजे त्याची एक बारीक फाईल बनवून देते, किराण्याची यादी म्हण. ती पेन ड्राईव्हवर घेऊन आठवडी बाजाराच्या दिवशी धारणीला किंवा परतवाड्याला जा, तिथल्या नेटवाल्या मशीनवर, ते विंडोजचं असलं आणि त्यात पायथन टाकलेलं असलं तरी चालते, ती यादी दे, ते सगळं उतरवून एका फाईलमध्ये बांधून देते, घरी आणून टाक. सोबत लागणारी इतर पॅकेजं ते स्वतःच धरते, म्हणून एकएक फाईल हुडकत बसण्यापेक्षा हे फार बरं. एका मशीनवर काम झालं की उतरलेल्या पॅकेजच्या फाईली (डेब म्हणतात त्यांना) जपून ठेव, तीच आवृत्ती असलेल्या दुसऱ्या मशीनला त्याच चालतात.

हे सगळं उघडपणे, हक्कानं करता येते, आणि प्रचारात मी हेच पहिलं सांगते. या सॉफ्टवेअरचं लायसन्सच म्हणते की कॉपी करा, वाटा, आतून पहा, बदला. चोरीच्या सीडीवरून विंडोज टाकण्याची आपल्या खेड्यांना इतकी सवय झाली की कायदेशीर कॉपी असते हेच लोकांना खोटं वाटते. एके काळी उबुंटूवाले घरपोच फुकट सीडी पाठवायचे, २०११ पर्यंत, पोस्टानं. माझ्याकडं आलेली अजून आहे, पुठ्ठ्याच्या पाकिटात, जो मागेल त्याला कॉपी करून दिली. आणि भंगार म्हणणाऱ्याला केरळ सांग. तिथं सरकारी शाळांमधले कॉम्प्युटर सरकारच्या धोरणानंच मुक्त सॉफ्टवेअरवर चालतात, पोरं त्याच्यावरच शिकून मोठी झाली.

पण सुरुवात लिनक्सनं करू नको. ज्याचं जे काम अडलं ते करून दे. कोणाचा लग्नाचा व्हिडिओ चालत नाही, व्हीएलसी टाक, विंडोजवरच. कोणाला अर्ज लिहायचा, लिब्रेऑफिस टाक. पोरांसाठी किविक्स टाकून त्यात मराठी विकिपीडियाची फाईल दे, नेट नसताना आख्खा विकिपीडिया उघडते हे पाहून मास्तर लोकही खुर्ची ओढून बसतात, हे मी दोन गावात पाहिलं. इंग्रजीची पूर्ण फाईल शंभरेक जीबीची आहे, मराठीची त्या मानानं खूपच लहान. एक लक्षात ठेव, पेन ड्राईव्ह एफएटी-३२ या जुन्या फॉरमॅटचा असेल तर ४ जीबीच्या वरची एक फाईल त्याच्यावर जातच नाही, तो एक्सफॅट करून घे.

आणि जिथं चालत नाही तिथं स्पष्ट सांग. सेवा केंद्रवाल्याचं अंगठ्याचं मशीन, त्याचा ड्रायव्हर कंपनीनं विंडोजपुरताच दिला असेल तर त्याच्या मशीनला हात लावू नको, त्याचं पोट आहे त्याच्यावर. एकाचं नुकसान झालं की पूर्ण गाव दहा वर्ष तुझं ऐकणार नाही.

लिब्रेऑफिसमध्ये लग्नपत्रिका केली तर ल आणि श हिंदीसारखे येतात. पाहुणे नावं ठेवतात. काय करू?
– वणी

ताई, बरोबर पकडलं तुम्ही. मराठीचा ल पाकळीवाला आणि श देठवाला, २०२२ च्या सरकारी आदेशातही तसंच सांगितलं आहे. नोटो सान्स देवनागरीसारख्या फॉन्टमध्ये दोन्ही रूपं असतात, कोणतं दाखवायचं ते तो मजकुराच्या भाषेवरून ठरवते, आणि तुमच्याकडं ती भाषा हिंदी लागलेली असेल. टूल्समध्ये ऑप्शन्स, त्यात भाषेचं पान, तिथं कॉम्प्लेक्स टेक्स्टपुढं मराठी निवडा. जुनी पत्रिका उघडून सगळा मजकूर सिलेक्ट करून त्यालाही मराठी लावा. तरीही बदललं नाही तर त्या फॉन्टमध्ये मराठी रूपं नाहीत, फॉन्ट बदला आणि छापायला देण्याआधी पीडीएफ काढून त्यातला ल आणि श मोठा करून पहा.