गव्हावर गहू

प्रिय पोरी,

तुझी गिरणीची गोष्ट परवा मिळाली. दोनदा वाचली. पण गोष्टीला टाचलेला तो कागद वाचून जिवाला लागलं. कथानक, पात्रं, वातावरण, संघर्ष, प्रतीक असे पाच रकाने. पहिल्या तिनांपुढे बरोबरची खूण, संघर्षापुढे प्रश्नचिन्ह, आणि खाली बारीक अक्षरात, ‘प्रतीक म्हणून पीठ चालेल का?’ इतकं डोळसपणे पाहणारी मुलगी स्वतःची गोष्ट वाणसामानाच्या यादीसारखी ताडून बघत बसली आहे, हे मला बघवेना. म्हणून हे पत्र.

त्या पाच शब्दांशी माझं वैर नाही. वर्गात ते शिकवावे लागतात, मीही वर्षानुवर्षं शिकवले. ना. सी. फडक्यांचं ‘प्रतिभासाधन’ १९३१ साली आलं, आणि कथा लिहिण्याला तंत्र असतं हे त्यांनी मराठी माणसाला रीतसर पटवून दिलं. पुढे नवकथा लिहिणाऱ्यांनी तंत्राचे ठरीव साचे मोडले. भांडण मोठं झालं, आणि व्हायलाच हवं होतं. पण तू त्या भांडणात शिरण्याआधी एका प्रश्नाचं उत्तर दे. तुझ्या कागदावर तो प्रश्न कुठेच नाही. सांगतंय कोण?

तुझं पहिलंच वाक्य बघ. ‘आजोबांना आतून ठाऊक होतं की गिरणीचे दिवस भरलेत, आणि बाबांच्या मनात शहराची स्वप्नं होती.’ हे कोण बोलतंय? एका वाक्यात दोन माणसांच्या डोक्यात शिरून आलीस. तू तेव्हा नऊ वर्षांची होतीस, हे मला तिसऱ्या पानावर कळलं. नऊ वर्षांच्या मुलीला बाबांची स्वप्नं दिसत नाहीत. बाबांनी चपला न काढता ओट्यावर बसणं दिसतं.

तेराव्या शतकात म्हाइंभटांनी महानुभाव पंथाच्या चक्रधरस्वामींच्या लीळा, म्हणजे त्यांच्या आठवणी, जमवल्या; तेच ‘लीळाचरित्र’, मराठीतला आद्य गद्यग्रंथ. त्यांनी काय केलं? ज्यांनी पाहिलं, ज्यांनी ऐकलं, त्यांना गाठलं, विचारलं, स्वामींचे शिष्य नागदेवाचार्य यांच्याकडून पारखून घेतलं. एखादी आठवण कुणी वेगळी सांगितली तर तीही ठेवली. कोण सांगतंय आणि त्याला ते कसं कळलं, याची एवढी काळजी आपल्या गद्याने जन्मतःच घेतली आहे. त्यापुढे आपण ‘त्याच्या मनात विचारांचं काहूर माजलं’ असं बिनदिक्कत लिहून मोकळे होतो.

तू म्हणशील, ‘आटपाट नगर होतं’ सांगणाऱ्या कहाणीला कोण विचारतं, तुला कसं ठाऊक? अगं, तिथेही सांगणारी बाई समोर बसलेली आहे. तिने स्वतः तो वसा घेतलेला आहे. ‘उतू नकोस, मातू नकोस, घेतला वसा टाकू नकोस’ हे ती हातात तांदूळ घेऊन बसलेल्या दुसऱ्या बायकांना सांगते. कहाणीतला राजा आंधळा होवो की राणी रानात जावो, सगळं त्या बाईच्या श्रद्धेतून आपल्यापर्यंत येतं. तुझ्या गोष्टीत अशी कोणीच बसलेली नाही.

हे मी इतकं ताणून का धरते, ते सांगते. तिशीत मी माझ्या आईवर कथा लिहिली. माझ्या कॉलेजच्या फीसाठी तिने पाटल्या मोडल्या होत्या. कथेत मी तिच्या मनात शिरले. ‘तिच्या काळजात कालवाकालव झाली’, ‘माहेरच्या आठवणी दाटून आल्या’ असं दीड पान. कथा छापून आली. मी हौसेने तिला वाचून दाखवली. तिने सगळी ऐकली, पदराने चष्मा पुसला आणि म्हणाली, “छान आहे. पण ही बाई कोण गं?”

मी प्रत्यक्षात काय पाहिलं होतं? ती मोरीत उकिडवी बसली होती. हाताला साबण लावून पाटल्या ओढत होती, एक निघाली, दुसरी गाठीवर अडली. तिने मला हाक मारली नाही, मीही दारातून पुढे गेले नाही. नंतर कितीतरी दिवस मनगटावर फिक्का पट्टा होता, आणि भाकरी थापताना पाटल्यांचा जड आवाज जाऊन नुसत्या काचेच्या बांगड्या किणकिणायच्या. एवढंच मला ठाऊक होतं. तेवढं लिहिलं असतं तर ती बाई आई झाली असती. आणि दारात थांबलेली मुलगी मी झाले असते, जी पुढे गेली नाही. ते मला लिहायचं नव्हतं, म्हणून मी तिच्या मनात जाऊन लपले. आता आई नाही. ती कथा संग्रहातून मी काढून टाकली, पण छापलेली कुठेतरी आहेच.

म्हणून विचारते, सांगतंय कोण? पुन्हा विचारते, कारण तुझ्या चौथ्या पानावर उत्तर पडलेलं आहे आणि तू त्याच्यावरून चालत गेलीस. ‘एकदा लाइट गेली आणि बाबांचं बोलणं सगळ्यांना ऐकू गेलं.’ बस, एकच ओळ! चालू गिरणीत सगळेच ओरडून बोलतात. लाइट गेली की पट्टा ढिला पडत फटफटतो, दगडांची घरघर उतरत जाते, आणि ओरडून बोलणाऱ्याचा आवाज तेवढाच उंच राहतो. बाबा आजोबांच्या कानाशी ओरडत होते, ‘विकून टाकू’, आणि त्यातलं ‘टाकू’ शांततेत पडलं. डबे घेऊन उभ्या असलेल्या बायकांनी ऐकलं. तूही ऐकलंस. आजोबांनी काय केलं, ते तू लिहिलेलं नाहीस. तू कुठे बघत होतीस? त्यांच्या चेहऱ्याकडे, की चेहऱ्याकडे बघवेना म्हणून दुसरीकडे?

तुझं संघर्षाचं प्रश्नचिन्ह इथे सुटतं, प्रतीकाचंही. कथानक वेगळं जुळवावं लागणार नाही; त्या मुलीला काय आधी कळलं आणि काय नंतर, तोच क्रम धर. फळीवरचे डबे कमी झाले ते तिने मोजले असतील, किराणा दुकानात पिशवीबंद आटा टांगलेला पाहिला असेल, पण दोन्हींची सांगड तिने तेव्हा घातली नसेल. ती घालायचं काम वाचकाला करू दे. पीठ पीठच राहू दे. पिठाने पांढरी झालेली जळमटं तिला दिसली असतील तर लिही, प्रतीक म्हणून टांगू नकोस.

एक अवघड जागा आहे. पाहणारी नऊ वर्षांची, लिहिणारी तेवीस वर्षांची. दोघीही ‘मी’. भालचंद्र नेमाड्यांची ‘कोसला’ कादंबरी १९६३ साली आली, तिचा सगळा कस या ‘मी’त आहे. पंचवीस वर्षांचा पांडुरंग सांगवीकर स्वतःची मागची वर्षं स्वतःच्याच बोलीत सांगतो, आणि तो सांगतो म्हणूनच गोष्ट तशी चालते. तो काढून तटस्थ निवेदक बसवला तर हाती काय उरेल, विचार करून बघ. तुलाही ठरवावं लागेल, शब्द कुणाचे आणि डोळे कुणाचे. लहानगीचे डोळे आणि मोठीचे शब्द चालतील. मोठीचं शहाणपण लहानगीच्या तोंडी घातलंस तर मी कागद परत पाठवीन.

लोक मला विचारतात, एवढ्या वर्षांत एकच संग्रह कसा. एका दिवाळी अंकाच्या संपादकांनी माझ्या एका कथेत नवऱ्याच्या मनातला एक परिच्छेद मागितला होता, वाचकाला कळायला हवं म्हणून. कथा बायको सांगत होती. तिला जे ठाऊक नाही ते मी कुठून आणू? मी नाही म्हटलं, कथा परत आली, अजून कपाटात आहे. हट्टीपणा म्हणालीस तरी चालेल. आईच्या कथेत एकदा खोटं बोलले होते, दुसऱ्यांदा बोलायचं नव्हतं. आजही तो परिच्छेद मी लिहिणार नाही.

तूच लिहिलं आहेस ना, बायका डबा पुढे करताना आजोबांना बजावायच्या, “ज्वारीवर टाकू नका, गव्हावर गहू टाका”? आधीच्या दळणाचं पीठ आपल्या पिठात यायला नको म्हणून. आजोबा ते पाळायचे. एका मुलीच्या डोळ्यांवर आजोबांचं मन, त्यावर बाबांचं मन, असं तूही एकात एक दळू नकोस.

पहिली तीन पानं काढून टाक. लाइट जाते तिथून सुरू कर. आणि लिहायच्या आधी मला एवढंच कळव: त्या दिवशी तू पट्ट्याच्या कोणत्या बाजूला उभी होतीस, आणि तिथून आजोबांचे हात दिसत होते का?

तुझी,
बाई