एम.टेक.साठी पोटाच्या भिंतीचं फायनाइट एलिमेंट मॉडेल (आकार छोट्या तुकड्यांत विभागून केलेलं संगणकीय गणित) करतोय. खोकताना हर्नियाच्या जाळीवर (भिंतीच्या कमकुवत जागी बसवतात ती) किती ताण येतो ते काढायचं आहे. स्नायूंचे गुणधर्म कुठून घेऊ?

गुणधर्मांचं नंतर. आधी सांगा, तुमच्या मॉडेलमध्ये खोकतंय कोण?

हाच प्रश्न मी माझ्या गाईडना विचारला होता आणि त्यावरून आमचं बिनसलं ते बिनसलंच. सरांचं म्हणणं सरळ होतं: सीटी स्कॅनवरून भूमिती घे, स्नायूंना हायपरइलास्टिक (रबरासारखं खूप ताणलं जाणारं) मटेरियल दे, आतून 20 किलोपास्कल दाब लाव, ताणाचे रंगीत नकाशे काढ, पेपर पाठव. 20 किलोपास्कल म्हणजे साधारण 150 मिलिमीटर पारा. जोरात खोकताना दाब तिथवर जातो, यात वाद नाही. वाद होता त्या दाबाखाली पोट काय करतं यावर. माझ्या मॉडेलमध्ये ते फुग्यासारखं फुगत होतं. आता स्वतःच्या पोटावर हात ठेवून खोकून बघा, भिंत हाताखाली घट्ट होते. हा दाब बाहेरून कुणी आणून लावत नाही. ट्रान्सव्हर्सस आणि दोन्ही ऑब्लिक हे पोटाच्या बाजूचे स्नायू आकसतात म्हणून तो तयार होतो. जो स्नायू दाब निर्माण करतो, त्यालाच आपण निपचित पडलेला धरायचा आणि वरून तोच दाब त्याच्यावर लावायचा?

सर म्हणाले, ॲक्टिव्हेशन, म्हणजे स्नायूंचं आकसणं, घातलंस तर सॉल्व्हर (गणित सोडवणारा प्रोग्रॅम) कन्व्हर्ज होणार नाही, उत्तरावर स्थिरावणारच नाही. शिवाय लॅप्रोस्कोपीतल्या (पोटात गॅस भरून दुर्बिणीने केलेल्या शस्त्रक्रियेतल्या) मापांशी आपलं मॉडेल जुळतंच आहे की! जुळत होतं, खरंच. पण मी ज्या सर्जनच्या ऑपरेशन थिएटरमध्ये कोपऱ्यात उभी राहून बघत असे, त्यांना विचारलं, तर ते म्हणाले, गॅस भरायच्या आधी भूलतज्ज्ञ स्नायू शिथिल करणारं औषध देतात. म्हणजे 12-15 मिलिमीटर पाऱ्याला घेतलेली ती मापं मुळात ढिल्या स्नायूंची. त्यांच्याशी निष्क्रिय मॉडेल जुळणारच. शुद्धीत खोकणाऱ्या माणसाबद्दल त्यातून काहीच सिद्ध होत नाही. हे मी सेमिनारमध्ये सगळ्यांसमोर मांडलं आणि सरांनी पुढची स्लाइड लावायला सांगितली. मी तरीही तंतूंच्या दिशेत सक्रिय ताण घातला. सॉल्व्हर रडतखडत का होईना चालला आणि भिंत अवाच्या सवा फुगायची थांबली. थीसिसमध्ये मात्र ते प्रकरण परिशिष्टात ढकललं गेलं. मला ते आजही मान्य नाही.

पोटाच्या भिंतीवरच्या ताणासाठी तुम्हाला सगळीकडे 16 न्यूटन प्रति सेंटिमीटर हा आकडा दिसेल. तो कागदावर काढून बघा. पोट म्हणजे 32 सेंटिमीटर व्यासाचा पातळ पोकळ गोल, आत 20 किलोपास्कल, आणि दाब व त्रिज्येवरून भिंतीतला ताण देणारं लाप्लासचं सूत्र. बस्स, एवढंच. गोलाऐवजी तेवढ्याच व्यासाचा नळकांड्याचा आकार धरा, परिघाच्या दिशेतला ताण 32 येतो. एका गृहीतकावर दुप्पट होणारा आकडा, त्यात स्नायूचा पत्ता नाही, आणि लोक तो निसर्गनियम असल्यासारखा उद्धृत करतात.

आता तुमचे गुणधर्म. लिनिया अल्बाला (पोटाच्या मधोमध उभ्या जाणाऱ्या तंतुमय पट्टीला) सगळ्या दिशांना सारखं मटेरियल देऊ नका, ती आडव्या दिशेत उभ्यापेक्षा बरीच कडक असते. तंतूंसाठी होल्झॅप्फेल-गॅसर-ऑग्डेन मॉडेल घ्या. ते 2000 साली रोहिणीच्या भिंतीसाठी मांडलं गेलं, पण इथेही चालतं. प्रयोगशाळेतल्या नमुन्यांवरून काढलेले गुणांक पेपरांत मिळतील. जिवंत माणसाची मापं हवी असतील तर पोलंडमधल्या ग्दान्स्कच्या तंत्रविद्यापीठातलं काम वाचा. पेरिटोनियल डायलिसिसच्या (पोटात द्रव भरून रक्त शुद्ध करण्याच्या उपचाराच्या) रुग्णांच्या पोटात द्रव भरताना भिंत किती ताणली जाते, ते त्यांनी कॅमेऱ्यांनी मोजलं आहे. आणि सीटीमधला आकार शून्य ताणाचा समजू नका. आडवं पडलेल्या माणसाच्या पोटातही थोडा दाब असतोच.

अर्थात, लॅप्रोस्कोपीच्या गॅसखालची भिंत हाच विषय असेल तर निष्क्रिय मॉडेल उत्तम आहे, त्यात वेळ घालवू नका. आणि जुन्या चिरेवरच्या मोठ्या हर्नियात बाजूचे स्नायू मागे सरकलेले, आखडलेले असतात, तेव्हा निरोगी माणसाचं ॲक्टिव्हेशन जसंच्या तसं तिथे लावता येणार नाही. तेवढ्या खोलात जायला सेमिस्टर पुरणार नसेल आणि गाईडही अडून बसले असतील, तर शीर्षकातून ‘खोकला’ काढा, ‘शिथिल भिंत’ असं स्पष्ट लिहा, आणि तुमच्या आकड्यावरून कुणाला जाळी निवडू देऊ नका.